ग्रामसभेचं वजन

सावळदऱ्याच्या ग्रामपंचायतीत रीता सिडाम संगणक परिचालक म्हणून लागली, तेव्हा तिथला संगणक टॉवेलखाली झाकून ठेवलेला होता आणि त्या टॉवेलवर पाण्याचा जग होता. रीतानं पहिल्या दिवशी जग खाली उतरवला, दुसऱ्या दिवशी टॉवेल धुतला आणि तिसऱ्या दिवसापासून लोकांना दाखले द्यायला सुरुवात केली. त्याला आता अकरा वर्षं झाली. जन्माचा दाखला, रहिवासी दाखला, घरपट्टीची पावती, जे मागाल ते ती काढून देते. देताना कागदावरचं नाव एकदा मोठ्यानं वाचते. कोणाच्या नावात काना राहिला तर तो तिथंच सापडतो.

सावळदऱ्याच्या वस्त्या दोन. रस्त्यालगतचं मोठं गाव आणि नाल्यापलीकडची गोंडांची टोली. रीता टोलीची. तिचे वडील नानाजी समुद्रपूरकडच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाची गाडी आत येताना तोलायची, रिकामी होऊन जाताना पुन्हा तोलायची. घरी येऊनही त्यांच्या डोक्यातला काटा थांबत नसे. पोरीला कडेवर घेतलं की वजन सांगत, आणि ते फार तर पावशेरानं चुकत असे. आलं त्याचं वजन लिहावं, गेलं त्याचं लिहावं, मग जग काही म्हणो, असं ते म्हणत. नानाजी गेले, पण ही सवय रीताकडे राहिली.

ग्रामसभेचं चित्रीकरण करायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिनं त्यासाठी एक वेगळी वही केली. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. वहीत तीन रकाने होते: तारीख, विषय आणि वजन. पंचायतीच्या मोबाइलवर चित्रीकरण संपलं की फाइल किती जीबीची झाली तो आकडा ती वजनाच्या रकान्यात लिही. फाइलीला वजन कुठलं, म्हणून तपासणीला आलेला एक साहेब हसला होता. रीताही हसली आणि तिनं रकाना तसाच ठेवला.

यंदा सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय होता. नवी इमारत एकच मंजूर झाली होती. गावातली जुनी अंगणवाडी गळत होती, तिथं एकेचाळीस मुलं. टोलीत अंगणवाडीच नव्हती. तिथली सतरा मुलं नाला ओलांडून गावात येत, म्हणजे जूनपासून दिवाळीपर्यंत बहुतेक दिवस येतच नसत. बोलणं बरंच झालं. शेवटी हात वर करून मोजणी झाली. टोलीच्या बाजूनं एकशे अठरा, गावाच्या बाजूनं एकशे नऊ. ठराव झाला. गावातल्याही पंधरावीस बायांनी टोलीसाठी हात वर केले होते आणि माजी सरपंच बंडूजींना तेच जास्त लागलं होतं.

बंडूजी वाईट माणूस नव्हे. टोलीत कोणाला साप चावला की पहिली गाडी त्यांचीच निघायची. पण गावोगाव फिरून कापूस खरेदी करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. वजनात फरक दिसला की माल कुठंतरी सांडला किंवा कोणीतरी काढला, याखेरीज तिसरं कारण त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी रीतसर अर्ज करून ग्रामसभेच्या चित्रीकरणाची प्रत मागितली. रीतानं ती पेनड्राइव्हमध्ये दिली आणि पोच म्हणून वहीवर त्यांची सही घेतली. सही करताना बंडूजींनी वजनाचा रकाना वाचून घेतला. ४.१२ जीबी.

दोन दिवसांनी ते पंचायतीत आले. बाकावर बसले, पाणी प्यायले, रीताच्या मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारलं. मग खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"निघताना चार बारा, पोचताना तीन त्र्याऐंशी," ते म्हणाले. "एकोणतीस सांडले कुठं, रीताबाई?"

रीतानं पेनड्राइव्ह लावून पाहिला. खरंच ३.८३ होतं. तिनं मोबाइल उघडला. त्यात मूळ फाइल होती, तिथं ४.१२. बंडूजींनी हिशेबही करून आणला होता. ग्रामसभा दोन तासांची, तर एवढा तुकडा आठ मिनिटांचा होतो. आणि हातांची मोजणी सात-आठ मिनिटांतच झाली होती. रीतानं चित्रीकरण लावून मोजणीचा भाग दाखवला. सगळे हात दिसत होते, बंडूजींचासुद्धा.

"दिसते ते आहेच," बंडूजी म्हणाले. "जे दिसत नाई, ते मी विचारून राह्यलो."

त्यांनी तालुक्याला तक्रार दिली. विस्तार अधिकारी थूल साहेबांचा फोन आला. साहेब मोजकं बोलणारे. ते म्हणाले, की मंगळवारी मी गावात येऊन सुनावणी घेतो. वहीतला आकडा तुमच्याच हातचा आहे, तेव्हा फरकाचं कारण तुम्हीच द्यायचं. कारण पटलं नाही तर चित्रीकरण ग्राह्य धरता येणार नाही आणि ग्रामसभा महिनाअखेरीस पुन्हा घ्यावी लागेल.

महिनाअखेरीस टोलीत कोण असणार होतं? दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर टोलीतली साठ-सत्तर माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात ती थेट एप्रिलात परततात. यंदा गाडी बुधवारी होती, सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी. तेवढे हात कमी झाले की अंगणवाडी गावात जाणार हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नव्हता. रीताची दोन्ही मुलं तो नाला ओलांडून शिकली होती. धाकटीला ती पावसाळाभर पाठुंगळी घेऊन आणत असे आणि मग ओल्या पदरानं दाखले छापत असे. ठराव मोडला, तर तो तिच्या हातच्या आकड्यानं मोडणार होता.

तिनं कामाला हात घातला. फाइल मोबाइलमधून पुन्हा उतरवली. ३.८३. दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये घातली, पुन्हा ३.८३. तार बदलून पाहिली. तिसऱ्या वेळी तर तिला स्वतःचीच शंका आली. मोबाइलमधून संगणकात येताना वाटेत खरंच काही गळत तर नसेल? मग अकरा वर्षांत आपण उतरवलेल्या सगळ्याच फाइली गळक्या? जेवताना हा विचार आला आणि तिचा घास हातातच राहिला.

तिनं जाम चौकातल्या पेनड्राइव्हच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं फार सहानुभूती दाखवली. "कंपन्याच तशा, ताई. चौसष्टचा म्हणून विकतात अन् संगणकात लावला तर साठही दिसत नाई," तो म्हणाला. त्याच्या मते ही सगळी लूट होती आणि त्यावर इलाज नव्हता. रीतानं मात्र हेही लिहून ठेवलं. चौसष्टचे एकोणसाठ पूर्णांक काही. म्हणजे रिकाम्या पेनड्राइव्हचंही वजन घटतं. ज्यात काही भरलंच नाही त्यातून सांडेल काय?

रविवारी ती रुखमामामीकडे बसली होती. रुखमामामी साठीची, टोलीतली सगळ्यात चलाख तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान, तोडणारी. माहेर तिचं मध्य प्रदेशातलं, छिंदवाड्याकडचं. मिरचीला जायचं म्हणून ती गोधड्या बांधत होती. रीताचा चेहरा पाहून तिनं विचारलं आणि रीतानं सगळं सांगितलं. जीबी म्हणजे काय हे मामीला कळलं नाही, पण तिनं ते कळून घ्यायचा हट्टही केला नाही. एकाच मालाचे दोन आकडे, एवढं तिला पुरलं. ती आपली जुनी गोष्ट सांगू लागली.

तेंदूपत्ता तोडला की पानांचे पुडे बांधायचे आणि फळीवर, म्हणजे पत्ता गोळा करायच्या जागेवर, मुन्शीला मोजून द्यायचे. आपल्याकडे पुडा सत्तर पानांचा. मामीच्या माहेरी पन्नासचा. लग्न होऊन आली त्या वर्षी नवरीनं दिवसभर पत्ता तोडला. पुडे सासरच्यांनी बांधले, पण तिनं मनातल्या मनात माहेरच्या हिशेबानं एकशे चाळीस धरले होते. मुन्शीनं लिहिले शंभर. तिनं फळीवर असं भांडण मांडलं की सासरे तोंड लपवून पळसाच्या झाडामागं जाऊन बसले.

"मंग काय केलं?" रीतानं विचारलं.

"काय करतो? सारे पुडे सोडले अन् पानं मोजली. सात हजार. त्याचेबी सात हजार, माह्येबी सात हजार." मामीनं गोधडीची गाठ दातानं आवळली. "तू पुडे काऊन मोजून राह्यली वो? पानं मोज ना."

रीता उठली, चहा तसाच राहिला.

सोमवारी सकाळी पंचायत उघडून ती संगणकासमोर बसली. फाइलीची पानं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी एमएस-सीआयटीच्या परीक्षेसाठी तिनं ते पाठ केलं होतं: सगळ्यात बारका दाणा म्हणजे बाइट. तिनं मोबाइल तारेनं संगणकाला जोडला, पण फाइल उतरवली नाही. ती मोबाइलमध्येच राहू दिली आणि संगणकाच्या पडद्यावरून तिची माहिती उघडली. मोबाइल त्या फाइलीला ४.१२ म्हणत होता. संगणक त्याच, न हललेल्या फाइलीला ३.८३ म्हणत होता. माल जागेवरच होता. वाट नव्हती, तार ओलांडली नव्हती, तरी वजन दोन.

आणि ३.८३ च्या पुढे कंसात एक लांबलचक आकडा होता. इतकी वर्षं तो तिथंच होता आणि ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ४,१२,०१,३६,७४५ बाइट. चारशे बारा कोटी एक लाख छत्तीस हजार सातशे पंचेचाळीस. तिनं बंडूजींचा पेनड्राइव्ह लावला. तिथंही शेवटी पंचेचाळीसच.

आता पुड्याचा प्रश्न राहिला. परीक्षेच्या जुन्या वहीत तिनं लिहिलं होतं, एक केबी म्हणजे एक हजार चोवीस बाइट. तेव्हा हे चोवीस कशाला, हे तिनं विचारलं नव्हतं, परीक्षेत मार्क मिळाल्याशी काम. आता तिनं कागद घेतला. यंत्राची मोजणी दुपटीनं चालते, एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा दुपटी केल्या की हजाराऐवजी एक हजार चोवीस येतात. एक हजार चोवीस केबींचा एक एमबी, तेवढ्याच एमबींचा एक जीबी. तिनं गुणाकार केला. संगणकाच्या एका जीबीत एकशे सात कोटी सदतीस लाख दाणे आले. चारशे बारा कोटींना त्या आकड्यानं भागलं. तीन पूर्णांक त्र्याऐंशी. मग सरळ शंभर कोटींनी भागलं. चार पूर्णांक बारा. संगणक मोठा पुडा बांधत होता, मोबाइल लहान, आणि दोघं पुड्याला एकाच नावानं हाक मारत होते. दुकानदाराच्या पेनड्राइव्हचंही तेच. चौसष्ट त्याच्या वेष्टनावरचे लहान पुडे होते.

कागदावर हे सगळं नीट बसलं, तरी तिला स्वस्थता वाटेना. बंडूजींना भागाकार दाखवून उपयोग नव्हता. काट्यावर गाडी चढलेली दिसल्याशिवाय ते कोणाचा आकडा मानत नसत. तिनं टोलीत जाऊन चार जणांचे मोबाइल मागून पाहिले. तीन मोबाइल हजारानं मोजत होते. चौथा, जुना, संगणकासारखाच एक हजार चोवीसनं मोजत होता. म्हणजे कोणता मोबाइल काय करील याचा भरवसा नव्हता. तरी तिनं काय करायचं ते ठरवलं.

मंगळवारी थूल साहेब अकराला आले. पंचायतीच्या खोलीत माणूस मावेना. टोलीतल्या बाया दाराशी उभ्या. बंडूजी समोरच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून. साहेबांनी तक्रार वाचली, वही पाहिली आणि रीताला बोलायला सांगितलं.

रीतानं आपली फाइल उघडलीच नाही. ती बंडूजींना म्हणाली, की तुमचा मोबाइल काढा आणि तुमच्याच हातानं अर्धा मिनिट काहीही चित्रीकरण करा. मी हात लावणार नाही.

बंडूजींना हे अनपेक्षित होतं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली. बंडूजींनी मोबाइल धरला, खोलीभर फिरवला आणि काहीतरी बोलावं म्हणून गंभीरपणे म्हणाले, "आज मंगळवार. मी बंडूजी. हे सावळदऱ्याचं पंचायत कार्यालय आहे." दारातल्या बाया हसल्या. बंडूजीही थोडे हसले.

मग रीतानं सांगितलं, की त्याचं वजन मोठ्यानं वाचा. त्यांचा मोबाइल जुन्या पद्धतीचा निघाला तर दोन्हीकडे एकच आकडा येणार होता आणि मग सगळा भार कागदावरच्या भागाकारावर पडणार होता.

"एकसष्ट पूर्णांक चार एमबी," बंडूजींनी वाचलं.

तार बंडूजींनीच लावली. फाइल त्यांनीच ओढून संगणकात ठेवली. माहिती उघडली तेव्हा थूल साहेब वाकून वाचू लागले. अठ्ठावन्न पूर्णांक पाच.

बंडूजींनी चष्मा काढून पुन्हा लावला. "माह्या हातून काऊन सांडलं बाप्पा?" ते स्वतःशीच म्हणाले.

"काहीच सांडलं नाही," रीता म्हणाली. तिनं कंसातला लांब आकडा दाखवला, एकेक अंक वाचला, आणि मोबाइल तारेवर ठेवून तिथलाही आकडा उघडला. दोन्हीकडे सहा कोटी चौदा लाख अठरा हजार दोनशे तीन. मग तिनं पुड्यांचं सांगितलं. सत्तरचा पुडा, पन्नासचा पुडा. दारातल्या बायांना ते साहेबांच्याही आधी कळलं. मोठ्या फाइलीत फरक मोठा का दिसतो, तेही तिनं सांगितलं. केबीच्या पायरीवर हजाराला चोवीसचाच फरक असतो, पण वर चढताना प्रत्येक पायरीवर तो पुन्हा लागतो. जीबीपर्यंत तो शेकडा सातावर जातो.

थूल साहेबांनी आता ग्रामसभेची फाइल मागितली. पेनड्राइव्ह, मोबाइल, दोन्हीकडचे दाणे त्यांनी स्वतः कागदावर उतरवून घेतले. जुळले. ते उठणार तेवढ्यात त्यांचं बोट पडद्यावर थांबलं. "हा खालचा आकडा वेगळा आहे. तेरा हजारांनी जास्त." फाइलीच्या आकाराखाली दुसरी ओळ होती, पेनड्राइव्हवर ती किती जागा घेते त्याची. बंडूजी खुर्चीत सरळ बसले.

रीतानं सोमवारी ही ओळ पाहिली होती आणि तासभर ती कागदावर सोडवत बसली होती. ती म्हणाली, "पेनड्राइव्हमध्ये सारखे सारखे कप्पे असतात, साहेब. फाइलीचे शेवटचे दाणे उरतात ते कप्पाभर नसतात. पण कप्पा तर पूर्ण अडतोच. अर्धं पोतं भरलं तरी थप्पीत जागा पोत्याचीच लागते."

हे मात्र बंडूजींना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. गाडीत पोती रचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी मान डोलावली, साहेबांच्याही आधी.

थूल साहेबांनी तिथंच लिहून दिलं, की चित्रीकरणात काटछाट आढळली नाही, तक्रार निकाली, ठराव कायम. शेवटी त्यांनी रीताला सांगितलं, की यापुढे वजनासोबत बाइट आणि वेळही लिहीत जा. मिनिटं लिहिली असती तर मला येण्याची गरजच पडली नसती. रीतानं तिथंच वहीत आणखी दोन रकाने आखले, कारण ते बोलणं खरं होतं.

बंडूजी सगळ्यात शेवटी उठले. दाराशी थांबून म्हणाले, "माल बरोबर आहे. माही तक्रार चुकली. पन अंगणवाडी टोलीत जावी, हे मले अजून पटलं नाई."

"ते हात मोजून ठरलं, बंडूजी," रीता म्हणाली. "गावातली गळकी अंगणवाडी दुरुस्तीले टाकू. अर्ज मीच लिहिते, सही तुमची."

बंडूजींनी थोडा विचार केला. "लिहून ठेवजो. उद्या येतो," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी रीता नाला ओलांडून टोलीत गेली. आदेशाची प्रत तिनं मोठ्यानं वाचून दाखवली, नावं सावकाश. बायांना आनंद झाला, पण सकाळी गाडी होती आणि भांडी अजून बांधायची होती. रुखमामामीनं विचारलं, की आम्ही सारे मिरचीत, इथं पाया खणायला येतील तेव्हा जागा कोण दाखवणार? कोणी म्हणालं नाल्याकडे सरकवा, तर?

"आत्ताच दाखवा," रीता म्हणाली.

उजेड होता तोवर सगळ्या जणी मोहाच्या झाडापलीकडच्या मोकळ्या जागेत गेल्या. कोणी पावलं टाकली, कोणी दोरी धरली. दार कुठल्या दिशेला असावं यावर थोडा वाद झाला. शेवटी चार कोपऱ्यांना चार मोठे दगड बसले. रीतानं एकेका दगडाजवळ उभं राहून मोबाइलवर फोटो काढले आणि प्रत्येक बाजू किती पावलं भरली ते लिहून घेतलं. रोज कामावर जाताना ते चारही दगड पाहून जाईन, असं तिनं बायांना सांगितलं.

पहाटे गाडी गेली. साडेनऊला रीता टोलीतून निघाली, दगड पाहिले, नाला ओलांडला आणि पंचायतीचं कुलूप उघडलं.